नदीखोऱ्याचा प्लास्टिकचा साचा : दोन पावसाळे वर्गात वापरल्यावर

मी सहावी-सातवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. शाळा पुण्याच्या दक्षिण भागात, आंबील ओढ्यापासून पायी सात-आठ मिनिटांवर. पाणलोट क्षेत्र (ज्या जमिनीवरचं पावसाचं पाणी वाहत एकाच ओढ्या-नदीला मिळतं ती जमीन) म्हणजे काय आणि माणसाच्या वागण्याने त्याचं काय होतं, हा भाग गेली दोन वर्षं मी सातवीच्या चार तुकड्यांना टेबलावर मांडायच्या एका साच्यावर शिकवला. ऑनलाइन हा साचा तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो, पण आतला माल एकाच घाटाचा असतो. आम्हाला तो पोच धरून सव्वानऊ हजारांना पडला. पैसे आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने दिले. त्यांच्या पैशाचा हिशोब द्यावा आणि घ्यावा की न घ्यावा या विचारात असलेल्या शिक्षकांना नीट माहिती मिळावी, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साचा म्हणजे जाड पांढऱ्या प्लास्टिकचा, साधारण अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद ट्रे. एका टोकाला डोंगर, त्यावरून उतरणाऱ्या तीन ओहोळांच्या खाचा, मध्ये पसरट खोरं, त्यातून जाणारी नदी आणि दुसऱ्या टोकाला तळं. तळ्याच्या बुडाला भोक आणि त्याला रबरी बूच. सोबत घरं, कारखाना, ट्रॅक्टर, गाई, झाडं, पूल, दोन फवाऱ्याच्या बाटल्या, स्पंजाच्या पट्ट्या आणि तीन-चार रंगांच्या पुड्या. माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आहे. मी ती रविवारी बसून मराठीत उतरवली आणि मग लक्षात आलं की निम्मी आपल्या कामाचीच नाही. त्याबद्दल पुढे.

आधी चांगलं सांगते, कारण जे चांगलं आहे ते खरोखर फार चांगलं आहे.

पहिल्या तासिकेला मी रंग, घरं, गाई काही काढतच नाही. रिकामा साचा आणि साधं पाणी. पुढची रांग खाली बसते, मागची बाकांवर उभी राहते. फवारण्याआधी विचारायचं, "इथे थेंब पडला तर कुठे जाईल?" मुलं बोटाने वाट दाखवतात आणि निम्म्यांची चुकते. मग फवारा मारायचा. पाणी डोंगराच्या धारेवर दुभंगतं, थोडं या खाचेत, थोडं त्या खाचेत, आणि काही थेंब धारेच्या मागच्या बाजूने साच्याबाहेर टेबलावर सांडतात. पहिल्या वर्षी मी ते फडक्याने पुसायला गेले, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, ते पुसू नका, ते दुसऱ्या नदीचं आहे."

जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांचं पाणी वेगळं करणारी उंच धार, हा शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. व्याख्या पाठ होते, पेपरात येते, मार्क मिळतात. त्या दिवशी मात्र मला पुढचं सगळं सांगता आलं, कारण मुलांना ते ऐकायचं होतं. कात्रजचा घाट सगळ्यांना माहीत असतो, निम्म्यांची गावं त्या बाजूला आहेत. घाटाच्या अलीकडे पडलेला थेंब कात्रजच्या तलावात येतो, तिथून आंबील ओढ्यात, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेत, मग मुळा-मुठेतून भीमेत आणि उजनी धरणात. त्याच पावसाचा, वीतभर पलीकडे पडलेला थेंब खेड-शिवापूरच्या बाजूने शिवगंगेत उतरतो, गुंजवणीतून नीरेत जातो आणि थेट नीरा-नरसिंहपूरला भीमेला भेटतो. तो उजनीच्या खाली. म्हणजे हा दुसरा थेंब उजनी पाहतच नाही. हे सांगताना वर्गात जी शांतता होती ती मी क्वचित अनुभवली आहे. तीस रुपयांच्या फवाऱ्याच्या बाटलीने आणि प्लास्टिकच्या एका उंचवट्याने ते घडवलं. एवढ्यासाठी मी या साच्याला पूर्ण मार्क देते.

दुसऱ्या तासिकेला रंग. सोबतच्या पुड्या एका वर्गात संपतात आणि नव्या मागवायला भरपूर पैसे पडतात. मागवू नका. मातीसाठी गेरू, खतासाठी हळद, रस्त्यावरच्या काजळीसाठी कोळशाची पूड आणि गाड्यांच्या तेलासाठी खरंच चार थेंब गोडेतेल. हळदीने साच्यावर पिवळा डाग पडतो. पहिल्यांदा मी साबणाने घासून घासून थकले. मग मावशींनी साचा गच्चीवर उन्हात ठेवला, दोन दिवसांत डाग उडाला. हळदीच्या डागाला ऊन हाच उपाय, हे आपल्या आयांना माहीतच असतं.

प्रत्येक मुलाला एक चिमूट टाकायला लावायची. शेतावर हळद, रस्त्यावर कोळसा, डोंगर फोडलेल्या जागी गेरू. साठ मुलांच्या साठ चिमट्या. मग पाऊस. तळ्यातलं पाणी बघता बघता गढूळ, हिरवट-काळं होतं आणि वर तेलाचे डोळे तरंगतात. "कोणी घाण केलं?" असं विचारलं की हात वर होत नाहीत, कारण प्रत्येकाने चिमूटभरच टाकलेलं असतं. कारखान्याच्या नळातून येणाऱ्या घाणीकडे बोट दाखवता येतं. सगळ्या जमिनीवरून थोडी थोडी धुऊन येणारी घाण मोजणं आणि थांबवणं किती अवघड, हे या एका कृतीतून सातवीच्या मुलाला कळतं. त्यानंतर नदीकाठी स्पंजाच्या पट्ट्या लावून तोच प्रयोग पुन्हा करायचा. काठची झाडी आणि गवत काय करतं ते दिसतं. पाणी पूर्ण स्वच्छ होत नाही, पण फरक मागच्या बाकावरूनही कळतो.

आता सोबतच्या वस्तूंबद्दल. हा संच परदेशी जमीन डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, ते पदोपदी जाणवतं. त्यात गोल्फचं मैदान आहे. लाल रंगाचं लाकडी कोठार आहे. बर्फ पडलेल्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठाची वेगळी पुडी आहे. तिकडच्या मुलांसाठी ते योग्यच असेल, तिथे ते मीठ खरोखर नद्यांत उतरतं. माझ्या मुलांना मी ते एका वाक्यात सांगितलं आणि पुडी बाजूला ठेवली. त्यांना ज्या गोष्टी रोज दिसतात त्यातली एकही डब्यात नव्हती.

म्हणून मुलांना ओढ्याच्या कडेने फिरवून आणलं आणि काय काय दिसतं ते लिहायला लावलं. यादी अशी झाली : राडारोड्याचे ढीग, वॉशिंग सेंटर, म्हशींचा गोठा, निर्माल्याच्या पिशव्या, फुटलेलं ड्रेनेजचं झाकण, टेकडी कापून केलेला रस्ता, नवी सोसायटी, सोसायटीभोवतीचं सिमेंट, कापडाच्या चिंध्या, थर्माकोल. मग शाडूची कापलेली टेकडी, विटांच्या चुऱ्याचा राडारोडा, काडेपेट्यांची घरं, झाडूच्या काड्यांचा उसाचा फड. हे सगळं मुलांनी दोन दिवसांत केलं. माझं स्पष्ट मत आहे की डब्यातल्या वस्तू न वापरता हे घरचं सामान वापरलं तरच शिकवण्यात जीव येतो. मग त्या वस्तूंचे पैसे आपण का मोजले, हा प्रश्न उरतोच. नुसता ट्रे विकायला हवा होता.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

काडेपेट्यांची घरं मांडताना मी म्हटलं, आपापलं घर ठेवा. मुलं उत्साहाने ठेवत होती. एक मुलगी आपली काडेपेटी हातात धरून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, आमचं घर ओढ्याला लागून आहे. ते वाहून जाईल." २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा ही मुलं तिसरीत होती. त्या रात्री शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, जनावरं दावणीला बांधलेली तशीच बुडाली. माझ्या वर्गातल्या सात-आठ मुलांच्या घरात गळ्याएवढं पाणी होतं, आणि मी त्यांच्यासमोर हसत हसत फवाऱ्याचा पाऊस पाडायला निघाले होते.

त्या दिवशी मी तासिका तिथेच थांबवली. त्या मुलीला जवळ बसवलं. बाकीच्यांना आपापल्या वहीत त्या रात्रीचं जे आठवतं ते लिहायला सांगितलं, ज्याला लिहायचं नाही त्याने चित्र काढावं. पुढच्या दिवशी आम्ही पुन्हा साच्याभोवती जमलो तेव्हा प्रश्न वेगळा होता : इतकं पाणी एवढ्या कमी वेळात आलं कसं?

इथे या साच्याच्या पुस्तिकेचा मोठा दोष आहे. तिच्यातल्या सगळ्या प्रश्नांचा रोख 'नदीत घाण कोण टाकतं' यावर आहे. तसं शिकवलं की मुलांचं बोट आपोआप काठावरच्या घरांकडे जातं, कारण नदीला चिकटून तीच दिसतात. माझ्या वर्गात त्या घरांतली मुलं बसतात. त्यांना गुन्हेगार ठरवून मला पाणलोट शिकवायचा नाही. ते खरंही नाही. पाणी येतं वरून. टेकडीवर गवत आणि माती होती तेव्हा पावसाचा काही भाग तिथेच अडायचा, मुरायचा, उरलेला हळूहळू उतरायचा. टेकडी कापली, उतारावर छपरं आणि सिमेंट आलं की तेच पाणी थेट पळत सुटतं. खाली ओढ्याचं पात्र भराव टाकून, भिंती बांधून अरुंद केलेलं. पळत आलेल्या पाण्याला मावायला जागाच नाही. पाणलोटाचं काम करणारी माणसं 'माथा ते पायथा' म्हणतात, कामाला सुरुवात डोंगरमाथ्यापासून करतात. शिकवायलाही तसंच, माथ्यापासून सुरू करावं.

ओढ्याला माणसाने हात लावल्याची गोष्ट जुनी आहे, तीही मी सांगते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. सारसबागेतला गणपती 'तळ्यातला गणपती' का, हे मुलांना तेव्हा कळतं. शहराची तहान भागवायला केलेला बदलही पाणलोटातला बदलच असतो. माणसाचा परिणाम म्हणजे नुसती घाण, असा समज पुस्तिकेमुळे होऊ शकतो. तो होऊ देऊ नका.

आता साच्याचा सगळ्यात मोठा दोष, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय हा साचा वर्गात वापरूच नये असं माझं मत आहे. प्लास्टिक पाणी पीत नाही. वरून जितकं पाणी पडतं तितकं सगळं खाली तळ्यात येतं. मुलांच्या मनात चित्र काय बसतं? पाऊस पडला, नदीत गेला, संपलं. जमिनीखालचं पाणी या साच्यात नाहीच. विहीर नाही, झरा नाही, बोअर नाही. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर आहे. अखंड काळ्या दगडात पाणी फारसं मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, भेगांत, झिजलेल्या थरात. त्या थरावरची माती वाहून गेली, वर फरशी आली, तर खाली पाणी जाणार कुठून? 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी मुलांनी गावोगावी पाहिलेली असते. जिरवणं म्हणजे नेमकं काय, ते या साच्यावर दाखवता येत नाही.

यावर मी केलेला उपाय सांगते, खर्च नाहीच्या बरोबर. दोन जुन्या पराती घ्या, कडेला एकेक भोक पाडून घ्या. दोन्हींत खाली खडी, त्यावर मुरूम, वर माती. एकीवर हरळी लावून महिनाभर वाढू द्या, दुसरीची माती उघडी ठेवून तळहाताने चोपून घट्ट करा. दोन्ही सारख्या उताराने विटेवर टेकवा. झारीने एकेक लिटर पाणी घाला आणि भोकाखाली बरणी ठेवा. आमच्या वर्गात चोपलेल्या मातीच्या परातीतून पाणी लगेच आलं, लालभडक आलं आणि बरणी पाऊणहून जास्त भरली. हरळीच्या परातीतून बराच वेळ काहीच आलं नाही. मुलं वाकून वाकून बघत होती. मग थेंब थेंब, जवळजवळ नितळ पाणी आलं आणि तासिका संपली तरी येतच होतं. "बाई, हे अजून येतंय!" म्हणून मधल्या सुट्टीत मुलं मला स्टाफरूममधून बोलवायला आली. पावसाळा संपल्यावरही ओढा वाहता का राहायचा आणि आता का राहत नाही, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

साचा आणि पराती, दोन्ही हव्यात. साच्यावर खोऱ्याचा आकार कळतो, परातीत जमिनीचं पोट कळतं.

चौथ्या तासिकेला साच्याच्या तळ्याला आम्ही उजनी म्हणतो. उजनीची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), भीमेवरचं धरण, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नद्या तिथे पोचतात, आपल्या मोऱ्यांचं पाणीही त्यांच्यासोबत पोचतं. सोलापूर शहर ते पाणी पितं. त्याच जलाशयाच्या काठाला, भिगवणला, रोहित पक्षी येतात. सांडपाण्यातलं आणि शेतातल्या खतातलं नायट्रोजन, फॉस्फरस पाण्यात वाढलं की शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते. ती मेली, कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. हे सांगताना समोर हळदीने पिवळं झालेलं तळं असतं, त्यामुळे रासायनिक नावं मुलांना जड जात नाहीत. एका मुलाचे मामा सोलापूरला राहतात. त्याने घरी जाऊन मामांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "मामा म्हणाले, आम्हाला नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, आणि तेही तुमचंच." त्यानंतर स्पंजाच्या पट्ट्या लावताना तो पोरगा फार काळजीने लावायचा.

साच्याच्या टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. ट्रे मजबूत आहे, दोन वर्षांत चीर गेलेली नाही. बूच मात्र पहिल्याच महिन्यात गळायला लागलं. ग्राहकसेवेला चार मेल केले. एकदा फोटो मागितले, ते पाठवले, पुढे उत्तर नाही. शेवटी शाळेजवळच्या नळदुरुस्तीच्या दुकानातून दहा रुपयांचं बेसिनचं बूच आणून बसवलं, ते नीट बसलं. फवाऱ्याच्या बाटल्यांपैकी एकीचा खटका तुटला, ती घरच्या इस्त्रीच्या फवाऱ्याने भागवली. ठेवायला मोठं कपाट लागतं, ही लहान शाळांसाठी खरी अडचण आहे. आमच्या मोठ्या बाईंनी ग्रंथालयातलं एक खालचं फडताळ रिकामं करून दिलं.

आणि एका वेळी पंधरापेक्षा जास्त मुलं टेबलाभोवती उभी करू नका. साठांचा वर्ग एकदम उभा केला तर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. मी आता वर्गाचे चार गट करते. एक गट साच्याशी, एक परातींशी, एक नकाशावर ओढा रंगवतो आणि एक गट आदल्या दिवशीच्या फेरीच्या नोंदी लिहितो. दर तासिकेला गट बदलायचे. चार तासिकांत सगळं होतं, मुख्याध्यापकांकडून त्या चार तासिका एका आठवड्यात सलग मागून घ्या. मध्ये सुट्टी आली की धागा तुटतो.

घ्यावा का? शाळेकडे पैसे असतील आणि भूगोल-विज्ञानाचे शिक्षक मिळून वापरणार असतील तर घ्या. दोन-तीन शाळांनी मिळून एक घेतला तर उत्तम. आमचा साचा आम्ही गेल्या डिसेंबरात शेजारच्या महानगरपालिकेच्या शाळेला महिनाभर दिला होता, काही बिघडलं नाही. पैसे नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. जाड कागद चुरगळून अर्धा उलगडायचा, उंच घड्यांवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेनाने रेघा मारायच्या आणि फवारा मारायचा. जलविभाजक दिसतो, ओहोळ दिसतात, रंग खाली उतरताना दिसतो. पराती तर घरात असतातच.

पुढच्या वर्षासाठी एक बदल ठरवला आहे. त्या मुलीने पहिल्या वर्षी शेवटच्या तासिकेला आपली काडेपेटी शेवटी साच्यावर ठेवली, ओढ्याला लागूनच, जिथे तिचं घर आहे तिथेच. आणि मला म्हणाली, "बाई, आता वर हरळी लावा ना." प्लास्टिकच्या डोंगरावर हरळी लागत नाही. म्हणून डोंगराच्या भागावर बसेल अशी, पोत्याच्या कापडाची, मातीने भरलेली एक गादी मी शिवून घेतली आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मुलांकडून तिच्यावर हरळी लावून घेणार आहे, म्हणजे जुलैपर्यंत ती धरेल.